ओल्या लाकडाची घाई

रात्री साडेअकराच्या सुमारास माजघरातून 'ठक्' असा आवाज आला. सुपारी फुटावी तसा. मला वाटलं मांजरानं काहीतरी पाडलं, म्हणून कूस बदलून झोपलो. सकाळी उठून पाहतो तर कोनाड्यात ठेवलेला लाकडी वाडगा तोंडापासून बुडापर्यंत उकललेला! चीर एवढी की त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. आठच दिवसांपूर्वी कातून आणला होता. पुढच्या चार दिवसांत उरलेले दोनही त्याच वाटेनं गेले. तीनपैकी तीन. शाळेत गणितातसुद्धा मी इतका सपशेल नापास झालो नव्हतो.

तर मंडळी, हे लिखाण त्या तीन वाडग्यांचं, आणि त्यांच्यामागोमाग मी ज्या इतिहासात भटकून आलो त्याचं. मी काही सुतार नाही आणि इतिहासकार तर त्याहून नाही. पण एखादी गोष्ट आपल्या हातून बिघडली की ती पूर्वी कुणाकुणाच्या हातून बिघडली होती हे शोधायची मला खोड आहे. आमच्या सौ.च्या मते याला वेळ घालवणं म्हणतात. असो.

आधी झाडाची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला आमचं गाव. घरामागे आजीनं लावलेला गावरान आंबा होता. फळ लहान, कोय मोठी, रस आंबट-गोड, आणि धागे इतके की खाल्ल्यावर अर्धा तास दात कोरत बसायचं. तरी उन्हाळ्याच्या सुटीत आम्हा सगळ्या चुलत-आते-मामे भावंडांचा मुक्काम त्याच्याच खाली. पुढे वाटणी झाली आणि मोजणीची रेघ नेमकी आंब्याच्या बुंध्यातून गेली. झाड कुणाचं, यावरून दोन घरांत जे झालं ते इथं लिहीत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना ते माझ्याहून जास्त माहीत आहे :) एवढंच कबूल करतो की बाबा गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मोजणी मागवण्याची घाई माझी होती. काका म्हणत होते, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू. मी थांबलो नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात वळवाच्या वादळात आंबा मुळासकट आडवा झाला. रेघ तिथंच राहिली, झाड गेलं. पंचनामा वगैरे सोपस्कार आटोपल्यावर लाकूड निम्मं-निम्मं झालं. काकांच्या वाट्याचं सरपणाला गेलं असतं, पण चुलतभावानं निरोप पाठवला की तुला हवं तर तूच ने. आम्हा दोघांमधलं आठ वर्षांतलं ते पहिलं वाक्य. माझ्या मनात आलं की या लाकडाच्या छोट्या काथवटी करून प्रत्येक घरात एकेक द्यावी. आजीची काथवट सगळ्यांनाच आठवते.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काथवट म्हणजे एका अखंड लाकडातून कोरलेली, पसरट, जाड काठाची परात. आजी तीत भाकरीचं पीठ मळायची. पितळी परात पाहुण्यांसाठी आणि काथवट रोजची. संत रोहिदासांच्या नावानं जी गंगेची म्हण सगळीकडे सांगतात, तिच्यातली कठौती ती हीच. पुढे घरोघरी स्टील आलं आणि काथवटी आधी माळ्यावर, मग चुलीत गेल्या. आमचीही कुठं गेली ते कुणी सांगत नाही. बहुधा एखाद्या पावसाळ्यात सरपण ओलं असताना गेली असावी. जुन्या काथवटी कोरून काढलेल्या असत, लेथवर कातलेल्या नव्हेत. मला कोरणारा माणूस मिळाला नाही. एक तरुण खरादी मिळाला, जो एरवी पलंगाचे पाय आणि पोळपाट-लाटणी कातायचा. त्यानं मुकाट्यानं तीन वाडगे कातून दिले, पैसे घेतले, आणि जाताना म्हणाला, "ओलं आहे बरं का काका." मी मान हलवली. ओलं तर ओलं, वाळेल की! आणि लवकर वाळावेत म्हणून तिन्ही वाडगे पंख्याखाली ठेवले.

गावात एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांच्या वडिलांनी आमच्या आजोबांच्या बैलगाड्या केल्या होत्या. फुटके वाडगे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एक वाडगा हातात घेऊन उन्हाकडे धरला, चिरेतून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"कुठी ठेवला होता भाऊ?"

"पंख्याखाली."

"मंग तुमी वाडगा नाई वाळवला, पापड वाळवला."

मग त्यांनी जे सांगितलं ते अर्धं मला तेव्हा कळलं आणि अर्धं नंतर वाचून कळलं. दोन्ही एकत्र करून लिहितो.

नुकत्याच पाडलेल्या झाडात पाणी भरपूर असतं. पुष्कळदा लाकडाच्या स्वतःच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त, काही झाडांत तर वजनाइतकं किंवा त्याहून अधिक. हे पाणी दोन ठिकाणी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं, काही पेशींच्या भिंतींत मुरलेलं. मोकळं पाणी निघून जातं तोवर लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ओल साधारण २५ ते ३० टक्क्यांवर आली की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून लाकूड आकसायला लागतं. म्हणजे पहिले काही दिवस सगळं ठीक दिसतं आणि आपण निर्धास्त होतो, तेव्हाच खरा धोका सुरू होतो.

आता लाकूड सगळीकडून सारखं आकसलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. वाडगा थोडा लहान झाला असता, इतकंच. पण ते तसं आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडे थोडं. आणि वर्षवलयांच्या वळणानं मात्र त्याच्या साधारण दुप्पट. आपलं सागवान या बाबतीत मोठं गुणी लाकूड समजतात. तरी ओलं ते पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान गाभ्यापासून सालीकडे सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आकसतं. हिशेब करून बघा. शंभर सेंटिमीटर घेराची सागाची चकती घेतली. त्रिज्या २.५ टक्के कमी झाली म्हणून घेर ९७.५ व्हायला हवा. पण वलयातलं लाकूड आकसून ९४.२ वरच संपतं. मधले ३.३ सेंटिमीटर आणायचे कुठून? ते येत नाहीत. तिथंच तडा जातो. गाभा मध्ये ठेवून कापलेला ओंडका फुटतो तो कुणाच्या नजरेनं नव्हे, या वजाबाकीनं फुटतो. माझ्या तीन वाडग्यांपैकी दोघांच्या बुडाशी गाभा होता.

दुसरं कारण घाईचं. लाकडाची वरची कातडी आधी वाळते, आतला भाग ओलाच असतो. वरचा आकसू पाहतो, आतला आकसू देत नाही. ही ओढाताण जितकी जोरात, तितक्या चिरा खोल. त्यातून जिथं लाकडाचे धागे तुटून तोंडं उघडी पडतात, म्हणजे ओंडक्याच्या दोन टोकांना, तिथून पाणी बाजूच्या अंगापेक्षा दहा-पंधरा पट वेगानं उडून जातं. वाडग्यालाही समोरासमोर अशी दोन 'टोकं' असतात. माझ्या सगळ्या चिरा तिथूनच सुरू झाल्या होत्या.

आणि तिसरं कारण आमचा यवतमाळचा उन्हाळा. हवेत आर्द्रता किती यावर लाकूड किती पाण्यावर स्थिरावतं ते ठरतं. हवा २० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड चार-पाच टक्क्यांपर्यंत सुकत जातं, ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या आसपास थांबतं. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे ओठ फुटतात, तिथं लाकडाची काय कथा! आणि दीडच महिन्यानं पाऊस लागला की दारं फुगून बसत नाहीत, खिडक्यांना लाथ मारावी लागते. इतक्या टोकाच्या हवेत लाकडाशी व्यवहार करणारी माणसं शेकडो वर्षं काय करत होती, हा प्रश्न मला तिथंच पडला.

*

मराठीत लाकडाबद्दल विचार करून लिहिलेलं जुनं काही शोधायला गेलं की पहिल्यांदा 'आज्ञापत्र' सापडतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला हा राजनीतीचा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. सागवान वगैरे लाकूड हवं तर परवानगीनं आपल्या रानातून तोडून आणावं, कमी पडेल ते परमुलखातून विकत घ्यावं. पण आंबा आणि फणस कामाचे असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती मुलांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, त्याला मोबदला देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. मी हा भाग पूर्वीही वाचला होता आणि पर्यावरणाच्या भाषणांतून इतक्यांदा ऐकला होता की गुळगुळीत झाला होता. या खेपेस वाचताना आमचा आंबा डोळ्यासमोर होता. 'मालकाला राजी करून' या भागापाशी मी बराच वेळ थांबलो.

जहाजवाल्यांना ओल्या लाकडाची सगळ्यांत मोठी धास्ती. घरातलं दार वाकलं तर रंधा मारता येतो. भर समुद्रात फळी आकसली तर काय मारणार? सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्यानं पुढच्या पिढ्यांत मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजांची रांग लावली. त्यातलं 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरलं. मलबारचं सागवान, मुंबईचे कारागीर. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजूनही पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली! इथं माझा वाडगा आठ दिवस टिकेना.

ब्रह्मदेशात सागवान वाळवायची जी पद्धत होती ती तर ऐकण्यासारखी आहे. झाड तोडायच्या आधी बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं कच्चं पांढरं लाकूड कापून एक पट्टा काढायचा. वर पाणी चढणं बंद. झाड उभ्याउभ्या मरतं, आणि तसंच दोन-तीन वर्षं रानात ठेवायचं. ओलं सागवान पाण्यात बुडतं. असं उभं वाळलेलं सागवान तरंगतं, म्हणून ते नदीत सोडून खाली नेता यायचं. म्हणजे हेतू मुख्यतः वाहतुकीचा होता, पण त्यात वाळवणंही आपसूक होऊन जायचं. इतर झाडांच्या सावलीत, सालीच्या आवरणात, सावकाश. ज्यांना सगळं जग लवकर लुटायचं होतं त्यांनासुद्धा सागवानासाठी तीन वर्षं थांबावं लागलं.

आमच्याकडे मात्र वेगळं घडलं. वऱ्हाड निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यानं त्यांच्याकडे गेला. तेव्हा आमच्या जिल्ह्याला वणीच्या नावावरून 'वून' जिल्हा म्हणत. १९०५ मध्ये तो यवतमाळ झाला. जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, राखीव जंगलं झाली, काय आणायचं आणि काय नाही याचे नियम झाले. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले, तो याच जिल्ह्यात. किनारपट्टीला मीठ होतं, आमच्याकडे जंगल होतं. आपण हा सत्याग्रह गवताचा म्हणून वाचतो. पण गवत हे निमित्त. रानातली वस्तू आपण केव्हा आणि किती आणायची हे कुणी ठरवायचं, हा खरा प्रश्न होता.

आणि इथं मला माझा एक अंदाज मांडावासा वाटतो. लाकूड मुरवायला कौशल्य लागतं त्यापेक्षा जास्त साठा लागतो. आज तोडलेलं दोन वर्षांनी वापरायचं, तर दोन वर्षांचं लाकूड अंगणात पडून राहायला हवं. बलुतेदारीतल्या सुताराला गावची बाभूळ, बांधावरचा निंब, नाल्याकाठचं जांभूळ, हे सगळं डोळ्यासमोर असायचं. कुठलं झाड पुढच्या साली उतरवायचं हे तो आज ठरवू शकत असे. ज्याला लाकूड परवान्यावर किंवा वखारीतून, मिळेल तेव्हा आणि मिळेल तसं घ्यावं लागतं, तो ओलं घेतो आणि ओलंच लावतो. मिस्त्रींना मी हे विचारलं. ते म्हणाले, "माहा बाप बाभळीचे ओंडके सहा-सहा महिने तलावात बुडवून ठेवे. मंग सावलीत. मंग चाकाचा तुंबा. आता थांबाले जागा कोनाकडे हाय भाऊ?" तुंबा म्हणजे चाकाचा मधला गोल भाग, ज्यात आरे बसतात. तो कातलाही जातो आणि मधोमध पोखरलाही जातो. पोखरताना गाभा आपोआप निघून जातो. वरची वजाबाकी आठवा!

डेहराडूनला १९०६ मध्ये वनसंशोधनाची संस्था निघाली आणि जे सुतार बोटांनी ओळखत होते त्याला आकडे मिळाले. कुठलं लाकूड किती आकसतं, भट्टीत किती उष्णतेवर आणि किती ओलाव्यावर ठेवायचं, थप्प्या लावताना मधे पट्ट्या किती अंतरावर घालायच्या, याचे तक्ते झाले. पण मूळ तत्त्व तेच राहिलं. भट्टीतसुद्धा सुरुवातीला वाफ सोडून हवा दमट ठेवतात. म्हणजे लाकूड वाळवायच्या खोलीत पाणी सोडायचं. सुकवण्याचं अर्धं काम सुकू न देण्याचं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तिकडे स्टॉकहोमजवळ १६२८ साली बुडालेलं 'वासा' हे स्वीडनचं जहाज १९६१ मध्ये वर काढलं. ३३३ वर्षं पाण्यात राहिलेलं ओक. तसंच हवेवर सोडलं असतं तर त्याचे लाकडी पापड झाले असते. म्हणून १९६२ पासून १७ वर्षं त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचं मेणासारखं द्रव्य पाण्यातून फवारत राहिले. ते पेशींच्या भिंतींत पाण्याच्या जागी जाऊन बसतं आणि बसल्या जागेवरून हलत नाही, म्हणून भिंती आकसत नाहीत. पुढे वाडगे कातणारे हौशी लोकही ते वापरू लागले. मी वापरलं नाही. ज्या भांड्यात पीठ मळायचं त्यात नको वाटलं, आणि मिस्त्रींना ते नाव सांगायचं धाडस झालं नाही :)

आणखी एक शहाणपण शेजारी होतं. आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, आणि त्याच्या खाली निर्मल. तिथली प्रसिद्ध लाकडी खेळणी 'पोनिकी' नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची असतात. तिकडे कोकणात सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं पांगाऱ्याची. कर्नाटकात चन्नपट्टणला खेळणी कातायची ती ज्या झाडाची, त्याला आपण काळा कुडा म्हणतो. तिन्ही ठिकाणी कारागिरांनी एक लाकूड निवडलं, त्याचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ओळखला आणि वस्तूही लहान ठेवल्या. लहान तुकड्यात आत-बाहेरचा फरक कमी, ओढाताण कमी. सागवान सगळ्यात भारी म्हणून सगळं सागवानाचं करायचं, हा हट्ट त्यांनी धरला नाही.

*

आता माझी दुसरी फेरी. आंब्याच्या ओंडक्यांची टोकं मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी शेण आणि चिकणमातीच्या काल्यानं लिंपून ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवायला लावली होती, म्हणून उरलेलं लाकूड वाचलं. पाऊस पडेपर्यंत त्यांनी हात लावू दिला नाही. जूनच्या अखेरीस, मृग सरून आर्द्रा लागल्यावर, त्यांच्या देखरेखीखाली पाच वाडगे कातले. पद्धत अशी:

ओंडका उभा चिरायचा तो बरोबर गाभ्यातून, आणि गाभ्याची दोन्हीकडची दोन बोटं जाडीची पट्टी काढून टाकायची. लाकूड वाया जातं म्हणून जीव तुटतो, पण तुटू द्यायचा. मग वाडगा कातायचा तो पुरा नाही, अर्धाच. बारा इंची वाडग्याला कड सव्वा-दीड इंच जाड ठेवायची, म्हणजे रुंदीच्या एक-दशांशाहून थोडी जास्त. आणि सगळीकडे सारखी. बूड जाड आणि कड पातळ राहिली की दोन्ही वेगवेगळ्या वेळी वाळतात आणि भांडतात. पोकळ झालेल्या वाडग्याला आकसायला मोकळीक मिळते. तो फुटण्याऐवजी लंबगोल होतो. होऊ द्यायचा. पुढे कातून गोल करता येतो, म्हणूनच ती जास्तीची जाडी.

मग ज्या दोन बाजूंना धाग्यांची तोंडं उघडी असतात तिथं मेण चोळायचं. मिस्त्री शेणच म्हणत होते, पण आमच्या सौ.नी व्हेटो वापरला. मग वाडगा त्याच्याच ढलप्या आणि भुशात पुरून गोणपाटात बांधायचा आणि घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या, बिनवाऱ्याच्या खोलीत ठेवायचा. आठवड्यातून एकदा भुसा बदलायचा, नाहीतर बुरशी. आंब्याला ती लवकर धरते आणि कीडही. बुरशीचे निळसर-काळे पट्टे एका वाडग्यावर राहिलेच, पण ते आता सगळ्यांना नक्षी वाटतात.

मी त्यात एक भर घातली. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक वाडगा तोलून वहीत लिहायचो. पहिला वाडगा कातला त्या दिवशी २ किलो ३४० ग्रॅम होता. श्रावणात १ किलो ९००. दसऱ्याला १ किलो ६१०. दिवाळीनंतर तीन रविवार १ किलो ५२० वर थांबला. वजन थांबलं म्हणजे लाकूड आणि हवा यांचा समझोता झाला. मिस्त्रींनी वही पाहिली नाही. त्यांनी वाडगा गालाला लावला. ओलं लाकूड गार लागतं. "झालं," म्हणाले. काटा आणि गाल यांचं एकमत झालेलं पाहून मला उगाच बरं वाटलं.

मार्गशीर्षात पाचही पुन्हा कातले, गोल केले, आणि आतून-बाहेरून जवसाचं तेल पाजलं. पाचातला एक तरी गेलाच. कडेजवळ एक जुनी गाठ होती, तिथून बोटभर चीर. तो मी ठेवून घेतला. उरलेल्या चारांपैकी दोन दोघी बहिणींकडे गेले, एक आत्याकडे.

चौथा घेऊन मी संक्रांतीला काकांच्या घरी गेलो. काका आता फारसं बोलत नाहीत. वाडगा त्यांनी हातात घेतला, उलटा केला, बुडावरच्या वलयांवरून बराच वेळ अंगठा फिरवला. चुलतभाऊ दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, "दादा, मोजणीची घाई माझी होती. थांबायला हवं होतं." एवढं वाक्य मी नागपूरहून येताना बसमध्ये चाळीस वेळा घोकलं होतं. तो काही बोलला नाही. आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. पूर्वी हे काम तो मुलांना सांगायचा.

काकूंनी तेवढ्यात वाडग्यात ज्वारीचं पीठ घेऊनही पाहिलं. पाणी घालून मळता मळता म्हणाल्या, "लहान झाली रे. एकाच भाकरीची झाली."

"अजून एक मोठा ओंडका आहे," मी म्हटलं. "गोणपाटाखाली ठेवलाय."

"मग पावसाळ्यात ये," काका म्हणाले. "मी सांगतो कसा चिरायचा."

यंदा आर्द्रा लागल्या की जाणार आहे. तोवर तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुनी काथवट असेल तर ती जाळू नका. उन्हात टाकून पुसूही नका. सावलीत ठेवून जवसाचं तेल लावा, आणि मला कळवा.